संपत्ती, नीती आणि नावेलीचे डॉक्टर गोमिश

पनवेलहून निघालेल्या रस्त्याला पळस्प्याच्या तिठ्यावर दोन वाटा फुटतात. एक खोपोलीकडे वळून बोरघाटाने पुण्यास जाते. दुसरी पेण, महाड करीत थेट गोव्यात उतरते. आमचे कोन हे गाव या तिठ्याच्या शेजारचे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून आगगाडी येईपर्यंत देशावरचा कापूस बैलगाड्यांनी याच वाटेने पनवेल बंदरात उतरत असे आणि तेथून गलबतांत भरून मुंबईस जात असे. कापूस, जमीन आणि तीत राबणारा माणूस या तिन्ही विषयांवर ज्यांनी युरोपच्या भाषांत ग्रंथ लिहिले, असे एक कॅथलिक अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेच्या टोकाला, गोव्यात, जन्मले होते. डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश हे त्यांचे नाव.

आपल्या धर्मग्रामांतील घरांत हे नाव क्वचितच निघते. गोव्याचा इतिहास म्हटला की आपल्याला संत फ्रान्सिस झेवियर आठवतात, फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आठवते. धर्मप्रचारकांचा इतिहास आपण प्रेमाने जपला. प्रापंचिकांचा मात्र तितक्या आस्थेने जपला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोमिश यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी साष्टी तालुक्यातील नावेली या मडगावजवळच्या गावी झाला. (ही गोव्याची साष्टी, आपली मुंबई-ठाण्याची साष्टी वेगळी. दोन्ही पोर्तुगिजांच्या ताब्यात राहिल्याने जुन्या कागदपत्रांत भल्याभल्यांचा गोंधळ उडतो.) पणजीला १८४२ साली वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले होते. तेथून १८५० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढची दहा वर्षे वैद्यकीत आणि वाचनात गेली. १८६० साली गोव्याच्या मतदारांनी त्यांना लिस्बनच्या संसदेवर निवडून दिले आणि १८६१ च्या जानेवारीत त्यांनी तेथे आपली जागा घेतली. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातील कोणत्याही विधिमंडळात एकही हिंदी सभासद नव्हता, आणि दादाभाई नौरोजी लंडनच्या संसदेत जावयास अजून एकतीस वर्षे अवकाश होता.

हा हक्क गोवेकरांच्या पदरी कसा पडला, ही कथा मोठी विचित्र आहे. १ नोव्हेंबर १७५५ या सर्व संतांच्या सणादिवशी लिस्बन शहर भूकंपाने कोसळले. त्याच्या पुनर्बांधणीतून पोंबालचा मार्क्विस हा मंत्री सर्वसत्ताधीश बनला. प्रबोधनयुगाचे वारे प्यालेला, पण स्वभावाने हुकूमशहा. त्याने १७५९ मध्ये येशूसंघीयांना पोर्तुगालमधून आणि वसाहतींतून हाकलून दिले. त्यांच्या शाळा बंद पडल्या, कित्येक धर्मगुरू तुरुंगात खितपत पडले. कॅथलिक वाचकांना हा माणूस प्रिय वाटणे कठीण आहे. परंतु त्याच पोंबालच्या अमदानीत २ एप्रिल १७६१ चे फर्मान निघाले आणि पोर्तुगीज हिंदुस्थानातील देशी ख्रिस्ती माणूस कायद्याने पोर्तुगिजांच्या बरोबरीचा ठरला. कागदावरची ही समता पुढे घटनात्मक राजवटीत मतदानाच्या हक्कापर्यंत पोहोचली आणि बर्नार्दो पेरेश द सिल्व्हा यांच्यासारखे गोवेकर लिस्बनच्या संसदेत गेले. गोमिश यांना या गुंतागुंतीची पुरेपूर जाणीव असली पाहिजे. त्यांचा शेवटचा ग्रंथ पोंबालच्या सार्वजनिक जीवनावर आहे. तो १८६९ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला.

लिस्बनला पोहोचल्यावर लगेचच त्यांनी लामार्तीन या फ्रेंच कवीला एक पत्र लिहिले. ते फार गाजले. महाभारत रचणाऱ्या लोकांचा आपण वंशज आहोत, अशी त्यात त्यांनी स्वतःची ओळख करून दिली आणि आपल्या देशासाठी स्वातंत्र्य व ज्ञानाचा प्रकाश मागितला. श्रद्धेने कॅथलिक, शिक्षणाने युरोपीय, आणि महाभारत आमचेच असे म्हणताना क्षणभरही न अडखळणारा हा माणूस होता. आपल्यालाही आपण कोण असे जेव्हा जेव्हा विचारले जाते, तेव्हा हे पत्र स्मरावे असे आम्हांला वाटते.

गोमिश ज्या शास्त्राकडे वळले त्याचा पाया अ‍ॅडम स्मिथ या स्कॉटिश तत्त्वज्ञाने घातला. स्मिथचा जन्म १७२३ चा, कर्कॉडी या समुद्रकाठच्या गावातला. ग्लासगोच्या विद्यापीठात तो नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. १७५९ साली त्याने नैतिक भावनांवरील ग्रंथ लिहिला. दुसऱ्याच्या दुःखात आपले मन का द्रवते, या प्रश्नापासून तो सुरू होतो. राष्ट्रांच्या संपत्तीवरील त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर सतरा वर्षांनी, १७७६ मध्ये आला. टाचणीच्या कारखान्याचे त्याचे उदाहरण शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते : एकट्या अडाणी कामगाराला दिवसाला वीस टाचण्या करणे मुश्कील, पण कामाची वाटणी करून दहा जण मिळून अठ्ठेचाळीस हजार करतात. त्याच ग्रंथात पुढे काय म्हटले आहे ते मात्र सहसा सांगितले जात नाही. जन्मभर एकच बारीक काम करणाऱ्याची बुद्धी गंजते, म्हणून गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी सरकारने घ्यावी, असे स्मिथ बजावतो. मजुरी वाढू नये म्हणून मालक मंडळी सर्वत्र गुपचूप एकी करून असतात आणि मजुरांनी एकी केली की मात्र कायद्याचा बडगा उगारला जातो, हे निरीक्षणही त्याचेच. व्यापाऱ्यांच्या कंपनीने देशावर राज्य करावे यापरते वाईट राज्य नाही, असे त्याने ईस्ट इंडिया कंपनीला उद्देशून लिहिले, तेव्हा पुण्यात पेशवाई नांदत होती. ज्या ‘अदृश्य हाता’चा एवढा बोलबाला झाला, तो शब्दप्रयोग त्या भल्यामोठ्या ग्रंथात एकदाच येतो. गमतीची गोष्ट अशी की खुल्या व्यापाराच्या या पुरस्कर्त्याने आयुष्याची अखेरची बारा वर्षे जकातीचा अधिकारी म्हणून काढली. जकातनाक्यावरून उठून गेलेला संत मत्तय आपल्याला ठाऊक आहे. हा गृहस्थ उलट दिशेने गेला! १७९० मध्ये एडिंबरो येथे त्याचा अंत झाला.

स्मिथनंतरच्या पिढ्यांनी त्याच्या दोन ग्रंथांची ताटातूट केली. संपत्तीचा ग्रंथ व्यापाऱ्यांनी आणि राज्यकर्त्यांनी उचलला, नीतीचा कपाटात राहिला. गोमिश यांच्या कामाचे मोल आम्हांला वाटते ते येथे. १८६७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या आपल्या मुख्य फ्रेंच ग्रंथाला त्यांनी जे लांबलचक नाव दिले, त्यात अर्थशास्त्राच्या सिद्धांताबरोबरच त्याच्या नीतीशी व कायद्याशी असलेल्या नात्याचाही उल्लेख केला. स्मिथने ज्या घरातून हे शास्त्र बाहेर आणले, त्याच घरी त्याला परत नेण्याचा हा प्रयत्न होता.

पण हा ग्रंथ एकदम अवतरला नव्हता. १८६१ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांत येणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई आणि तो गुलामांच्या हातांनी वेचला जाई. हा पुरवठा तुटताच लँकेशायरमधल्या चुली विझू लागल्या. त्याच वर्षी गोमिश यांचा पहिला अर्थशास्त्रीय ग्रंथ निघाला. विषय होता इंग्लंडमधील आणि पश्चिम आफ्रिकेतील पोर्तुगीज मुलखांतील कापसाचा प्रश्न. युरोपातील मुत्सद्द्यांना तो पुरवठ्याचा प्रश्न वाटत होता, पण कापूस कोण पिकवतो याला वगळून त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत त्या वेळी गुलामगिरी कायदेशीर होती. ती रद्द करणारा हुकूम १८६९ च्या फेब्रुवारीत निघाला आणि त्यातही मुक्त झालेल्यांना १८७८ पर्यंत जुन्या मालकांकडेच राबावे लागेल अशी पाचर मारून ठेवलेली होती. गुलामाचे काम अखेरीस मालकालाही महागच पडते, असे स्मिथ सांगून गेला होता. आपल्याला एवढे पुरे नाही. ते स्वस्त पडले असते तर चालले असते काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही.

मुंबईला या युद्धाने वेड लावले. कापसाचे भाव गगनाला भिडले, रातोरात बँका व कंपन्या उभ्या राहिल्या, समुद्र हटविण्याच्या योजनांचे शेअर हातोहात खपले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. भावाच्या भरवशावर कर्ज काढलेल्या दख्खनच्या शेतकऱ्याच्या गळ्याला सावकारी पाश बसला. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंगल पुणे-नगर भागात पसरली, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. गिरण्या मात्र टिकल्या. ताडदेवला १८५४ मध्ये काढलेल्या पहिल्या कापड गिरणीपासून गिरणगाव वाढत गेले आणि कोकणातले प्रत्येक घर कोणी ना कोणी तेथे पाठवू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, आणि त्यांतील बहुतेकांना पुन्हा साचा दिसलाच नाही. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. कामगारांच्या वारसांसाठी जी थोडी घरे निघाली, त्यांतील दोन हजारांहून अधिक घरे आमच्या कोन गावच्या हद्दीत आहेत. २०१६ साली त्यांची सोडत झाली. प्रत्यक्ष किल्ली हातात यावयास पुढे आणखी कित्येक वर्षे लागली. ज्यांच्या आजोबांनी परळला साचे चालविले, ती माणसे आता पनवेलपलीकडे राहावयास येत आहेत. कापसाच्या प्रश्नाचे एक टोक असे आमच्या दाराशी आलेले आहे.

गोमिश यांचा दुसरा ग्रंथ १८६२ चा, पोर्तुगीज भाषेतला : भूमीचे स्वातंत्र्य आणि पोर्तुगीज हिंदुस्थानची ग्रामीण अर्थव्यवस्था. गोव्यात गावच्या जमिनीचा मोठा वाटा ‘गावकरी’ या सामायिक संस्थेच्या मालकीचा असे. मूळ वसाहत करणाऱ्यांचे पुरुष वंशज हे तिचे गावकार. जमीन ठराविक मुदतीने लिलावाने लागवडीस द्यावयाची, उत्पन्नातून बांधबंदिस्ती, देऊळ अथवा चर्च आणि सरकारचा वसूल भागवावयाचा, उरेल ते गावकारांत वाटावयाचे, अशी ही पुरातन रीत. तिच्यात गावाचा शहाणपणा आहे यात शंका नाही. पण लिलावात जमीन आज आपली, उद्या दुसऱ्याची, तर कसणारा तिच्यात घाम आणि खत का घालील? आणि जो गावकार घराण्यात जन्मला नाही, त्या कुळाचे काय? जमीन बंधनातून मोकळी करा, म्हणजे ती फुलेल, हे त्या काळच्या उदारमतवादाचे सूत्र होते. पिढ्यान्‌पिढ्या न विकता येणाऱ्या जहागिरींवर स्मिथनेही टीकेची झोड उठविली होती.

येथे आम्ही थोडे थबकतो. जमिनीचे स्वातंत्र्य म्हणजे ती विकण्याचे स्वातंत्र्य, एवढाच अर्थ घेतला तर काय होते, हे दख्खनने पाहिले : इंग्रजी कायद्याने जमीन विकाऊ केली आणि ती सावकाराच्या घरात गेली. मग १८७९ मध्ये त्याच सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. आपल्या जिल्ह्यात खोतांची जमीन कसणाऱ्या कुळांनी अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालला. शेते ओस पडली, माणसांनी लाकडे विकून दिवस काढले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कायद्यात उतरावयास स्वातंत्र्य यावे लागले. गोव्यात कुळांच्या संरक्षणाचा कायदा १९६४ मध्ये झाला. आणि जमिनीचा प्रश्न तेथेही थांबला नाही. नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्यामागे उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. गोमिश यांनी भूमीच्या स्वातंत्र्याचा विचार मांडला; कसणाऱ्याच्या स्वातंत्र्याची किंमत मात्र आपल्या आगरी, कुणबी शेतकऱ्यांनी मोजली.

१८६६ साली त्यांची ‘ब्राह्मण’ या अर्थाच्या नावाची पोर्तुगीज कादंबरी आली. गोवेकराने लिहिलेली ही पहिली कादंबरी मानतात. कथा घडते ती गोव्यात नव्हे, अयोध्या प्रांतातील फैजाबादेत, १८५७ च्या सुमारास. जन्माचा गर्व वाहणारा ब्राह्मण मग्नोद आणि कातडीच्या रंगाचा गर्व वाहणारे गोरे, हे दोघेही एकाच दोषाचे धनी आहेत, असा तिचा रोख आहे. गोऱ्यांनाही एक जात ठरवून टाकण्याचे धाडस लिस्बनमध्ये बसून करणे सोपे नव्हते.

आता पुन्हा १८६७ कडे. हे वर्ष अर्थविचाराच्या इतिहासात विलक्षण आहे. हांबुर्गला कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड निघाला. लंडनला दादाभाईंनी हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहत जाते यावर आपला निबंध वाचला. पॅरिसला गोमिश यांचा ग्रंथ छापला गेला. आणि मुंबईला ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ या नावाचे एक छोटेसे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक होते विष्णुबुवा ब्रह्मचारी, आपल्याच रायगड जिल्ह्यातील शिरवली गावचे. बुवांनी १८५७ साली चौपाटीच्या वाळूत बसून मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केले होते, त्यामुळे ख्रिस्ती वाचकांना त्यांच्याविषयी अंमळ दुरावा वाटण्याचा संभव आहे. (ते मिशनरी प्रॉटेस्टंट होते, असे म्हणून आपण अंग काढून घेऊ नये!) पण या निबंधात बुवा म्हणतात ते ऐकण्यासारखे आहे. राजाने प्रजेला एका कुटुंबासारखे मानावे, सर्वांनी मिळून जमीन पिकवावी, धान्य एका कोठारात ठेवावे आणि ज्याला लागेल तितके त्याने न्यावे, वस्त्रांचेही तसेच. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या पहिल्या भाविकांचे जे वर्णन आहे, त्याच्या किती जवळ बुवा येऊन पोहोचले होते! या मराठी निबंधाचे इंग्रजी भाषांतरही दोनच वर्षांत झाले.

एकाच कोकणपट्टीतील हे दोन पुरुष. एक फ्रेंचमध्ये लिहिणारा, संसदेत बसणारा. दुसरा मराठीत बोलणारा, वाळूत बसणारा. एकाला माणसाच्या स्वातंत्र्याचा भरवसा, दुसऱ्याला कुटुंबभावाचा. पण पोट भरण्याचे शास्त्र नीतीपासून तोडता येत नाही, हे दोघांनीही धरून ठेवले. पोपमहोदय लिओ तेरावे यांचे कामगारांच्या स्थितीविषयीचे सुप्रसिद्ध परिपत्रक १५ मे १८९१ रोजी निघाले. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही, काटकसरीने वागणाऱ्या मजुराचे त्यात पोट भरले पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. गोमिश यांच्या ग्रंथानंतर चोवीस वर्षांनी पवित्र सभेने हा विषय इतक्या स्पष्टपणे हाती घेतला. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास हिंदी अर्थशास्त्रावरील आपले व्याख्यान दिले आणि इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सारखेच लागू पडतात, या समजुतीला धक्का दिला. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात धनी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. आधी आलेले कुरकुरतात; त्यांचा हिशेब बरोबरच असतो. पण चौकात दिवसभर काम न मिळता उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरीही संध्याकाळी चूल पेटावयाची असते. पनवेलच्या मजूरनाक्यावर सकाळी नऊनंतर जाऊन पाहिले, तर हा दाखला निराळा समजावून सांगावा लागत नाही.

गोमिश यांना आयुष्य फार थोडे मिळाले. लिस्बनमध्ये आठ वर्षे, पाच ग्रंथ, संसदेतील भाषणे, आणि त्यातच क्षयाने शरीर पोखरले. गोव्याला परत यावे म्हणून ते निघाले. ३० सप्टेंबर १८६९ रोजी परतीच्या वाटेवर जहाजातच त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. नावेलीचा चर्च त्यांना पुन्हा दिसला नाही. त्यानंतर सात आठवड्यांनी सुएझचा कालवा खुला झाला, आणि युरोपचे कापड व आपला कापूस ने-आण करणाऱ्या बोटींची वाट निम्म्याने कमी झाली. पणजीत मांडवीच्या काठी, कांपाल येथे त्यांचा पुतळा आहे आणि शेजारच्या बागेला त्यांचे नाव आहे. नावेलीच्या जिल्हा ग्रंथालयालाही आहे. जुन्या गोव्याच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांच्या बसगाड्या मांडवीचा पूल ओलांडून सरळ बॉम जेझूकडे वळतात. कांपाल तेथून डावीकडे नाही, उजवीकडे आहे. दहा मिनिटांची वाट वाकडी करावी लागते.